पिनवर ५ व्होल्ट मिळतात, म्हणून ५ व्होल्ट चालतात?

तासगाव, मिरज भागात द्राक्षबागेच्या टाकीतली पाणीपातळी मोजायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक-बोर्ड वापरणारी पोरं आता बरीच दिसतात. त्यांच्यात एक समज घट्ट बसलाय: बोर्डाच्या पट्टीवर ५ व्होल्टची पिन आहे, म्हणजे बाकीच्या पिनाही ५ व्होल्ट सोसतात.

नाही सोसत. ४० पिनांपैकी २ आणि ४ क्रमांकावर ५ व्होल्ट मिळतात, ते फक्त बाहेरच्या भागाला वीज देण्यासाठी. सिग्नलच्या सगळ्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि त्या थेट बोर्डावरच्या चिपला जोडलेल्या. मध्ये संरक्षण म्हणून काहीच नाही. हा समज बहुधा आर्डुइनो उनो या दुसऱ्या छोट्या बोर्डावरून आला असावा. तो ५ व्होल्टवरच चालतो.

पाणीपातळीसाठी घेतात तो एचसी-एसआर०४ सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) त्याच्या ‘एको’ या सिग्नल पिनवर ५ व्होल्ट सोडतो. ‘माझं तर सहा महिने चाललंय’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. चिप आतून हळूहळू खराब होत जाऊ शकते. उपाय काही रुपयांचा आहे: एको आणि बोर्डाची पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये २ किलोओहमचा. पिनवर साधारण ३.३ व्होल्टच पोचतात.

मोटरीचा रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) तर पिनवरून थेट कधीच ओढू नका. एका पिनमधून १६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये; रिलेच्या कॉइलला त्याच्या कितीतरी पट लागतो. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड हवाच. आणि वायर बदलताना आधी वीज बंद करा. ३.३ व्होल्टची १ नंबरची पिन ५ व्होल्टच्या २ नंबरला अगदी खेटून आहे, स्क्रूड्रायव्हर निसटायला क्षण पुरतो.