तांब्यावरची रेघ कोण कोरतं?

एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यात रेघा खोदून, त्यांत शाई भरून कागदावर छापलेलं चित्र. अशा चित्राखाली ‘सुईने तांब्यावर कोरलेले’ असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. ते चूक आहे. सुई फक्त पत्र्यावर दिलेला मेणाचा थर खरवडते, उघडं पडलेलं तांबं खातं ते आम्ल. धातू कोरायला मनगटाचा जोर लागतो, मेणाला लागत नाही. म्हणूनच स्कॉटिश चित्रकार जेम्स मॅकबे यांची रेघ टाकाने कागदावर ओढल्यासारखी सुटी आणि चपळ दिसते.

मॅकबे यांचा जन्म 1883 चा, ॲबर्डीनशायरमधल्या न्यूबर्गचा. पंधराव्या वर्षी ते ॲबर्डीनच्या एका बँकेत कारकून म्हणून लागले. एचिंग ते वाचनालयातल्या पुस्तकावरून शिकले आणि सुरुवातीचे छाप त्यांनी कपडे पिळायच्या रुळांमधून काढले. 1910 मध्ये नोकरी सोडून ते हॉलंडला गेले. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनाने त्यांचं नाव झालं.

पत्रा आधी खडूची पूड आणि अमोनियाने घासतात. वर ओतलेलं पाणी सलग पसरलं पाहिजे. ते थेंबाथेंबाने फुटलं तर तेलकटपणा शिल्लक आहे, आणि तिथलं मेण आम्लात सुटणार हे नक्की. मग पत्रा तापवून मेण, ॲस्फाल्ट आणि राळ यांचा पातळ थर देतात. जास्त तापवलं तर थर करपून ठिसूळ होतो, आम्ल बारीक छिद्रांतून आत शिरतं आणि कोऱ्या आकाशात काळे ठिपके उमटतात. थर काजळीने काळा केला की सुईखाली उघडं पडलेलं तांबं चमकून दिसतं. पाठ आणि कडा वार्निशने झाकून पत्रा आम्लात सोडतात.

खरी गंमत इथे आहे. एक भाग नायट्रिक आम्ल आणि दोन भाग पाणी घेतलं, तरी ताजं आम्ल सुरुवातीला ढिम्म असतं. तांब्याचं ऑक्सिडीकरण वेगाने होतं ते द्रावणातल्या नायट्रस आम्लामुळे, आणि हे नायट्रस आम्ल त्याच अभिक्रियेतून तयार होतं. म्हणजे अभिक्रिया स्वतःच स्वतःचा उत्प्रेरक बनवते. जुने कारागीर नव्या आम्लात तांब्याचे तुकडे किंवा थोडं वापरलेलं आम्ल टाकत, त्याचं कारण हेच. जिथे रेघा दाट असतात तिथे नायट्रस आम्ल आणि उष्णता दोन्ही साचतात, त्यामुळे सुट्या रेघेपेक्षा दाट छायेचा भाग लवकर खोल जातो. शिवाय रेघेत नायट्रिक ऑक्साइडचे बुडबुडे अडकतात. बुडबुड्याखालचं तांबं आम्लापासून वाचतं आणि रेघ तुटक होते, म्हणून ते पिसाने हलकेच झटकायचे. मात्र फार ढवळलं तर नायट्रस आम्ल पत्र्यापासून वाहून जातं आणि वेग मंदावतो! ढवळल्याने अभिक्रिया वाढते, या शाळेतल्या नियमाच्या नेमकं उलट.

नायट्रिक आम्ल थराखाली आडवंही खातं, त्यामुळे रेघ रुंदावते. बारीक कामासाठी डच मिश्रण असतं: वजनाने 2 भाग पोटॅशियम क्लोरेट, 10 भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, 88 भाग पाणी. हे संथ चालतं, बुडबुडे जवळपास येत नाहीत आणि रेघ सरळ खाली उतरते. त्यातून विषारी क्लोरीन सुटतो, त्यामुळे घरी हा उद्योग करू नये. आज बऱ्याच कार्यशाळांत फेरिक क्लोराइड वापरतात, तेच द्रावण ज्याने इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी सर्किट बोर्ड तयार करतात.

फिकट रेघा पुरेशा झाल्या की पत्रा धुऊन त्यांच्यावर वार्निश लावायचं आणि उरलेल्या पुन्हा आम्लात. जितकी रेघ खोल, तितकी शाई जास्त. शाई भरून पृष्ठभाग मलमलीने पुसतात, ओलसर कागद ठेवून नमद्यासह, म्हणजे जाड लोकरी पटासह, दाबयंत्रातून काढतात. कोरडा कागद रेघेच्या तळापर्यंत पोचत नाही. कपडे पिळायच्या लाकडी रुळांनी या कामाला लागणारा भारी, एकसारखा दाब मिळणं अवघडच.

1917 मध्ये मॅकबे यांना इजिप्तमधल्या ब्रिटिश सैन्याबरोबर अधिकृत युद्धचित्रकार म्हणून पाठवलं गेलं. सिनाईच्या वाळवंटात ते ऑस्ट्रेलियन उंटस्वारांच्या गस्तीबरोबर हिंडले. तिथल्या रेखाटनांवरून त्यांनी नंतर पत्रे केले. पहाटे निघालेल्या उंटस्वारांचं 1919 चं एचिंग त्यांतलं सर्वांत गाजलेलं.

1920 च्या दशकात लोक एचिंग शेअरसारखी विकत घेऊ लागले. भाव चढले आणि 1929 च्या मंदीत कोसळले. मर्यादित प्रतींचा गवगवा आजही चालतोच, आणि त्यावर विसंबून घेणारे फसतात. त्यापेक्षा भिंग घ्या. खऱ्या एचिंगमध्ये शाई कागदाच्या वर किंचित उचललेली असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन असतो. चौकोन नुसत्या दाबानेही उमटवता येतो, म्हणून रेघाच पाहा: त्या सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांच्या बनलेल्या असतील, तर तो छापखान्यातला फोटो आहे.