स्मार्टवॉच घेतलंत, आता ठोके कसे बघायचे?

घड्याळाच्या पाठीला हिरवा लाईट लुकलुकतो तो बिघाड नाही हो, त्यावरच ठोके मोजले जातात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि घड्याळ ते टिपतं. त्यामुळे पट्टा ढिला असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा काहीच्या काही येतो. भाट्याच्या किनाऱ्यावर पळताना तर कधी कधी पावलांचीच गती ठोके म्हणून दाखवतो, १६०-१७०, आणि माणूस उगाच घाबरतो. व्यायामाला निघताना मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा, वळ उठेल इतकं नको, घरी आल्यावर सैल करा. तरी शंका आली तर थांबा, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा.

किती ठोके चालतात? ढोबळ हिशोब २२० वजा वय, म्हणजे पन्नाशीला १७०, आणि भरभर चालताना त्याच्या ५० ते ७० टक्के, ८५ ते ११९ च्या मधे. हा अंदाज आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतातच. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात, हा हिशोब सोडून द्या आणि डॉक्टरांना विचारा, आमच्या काउंटरवर नको, आम्ही घड्याळं विकतो.

आणि आपल्याकडची हवा! मे महिन्यात रत्नदुर्गाचा तोच चढ त्याच चालीने चढलात तरी ठोके जानेवारीपेक्षा जास्त दिसणार, कारण दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड करायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं आणि पाणीही कमी झालेलं असतं. म्हणून मे ची जानेवारीशी तुलना नको. त्यापेक्षा सकाळी उठल्या उठल्याचा आकडा बघत जा, तो चार-पाच दिवस नेहमीपेक्षा चढा दिसला तर झोप, ताप, ताण यातलं काहीतरी असू शकतं, त्या दिवशी जोर कमी करा.

काही मॉडेलमध्ये ईसीजी येतो. त्यात ठोक्यांची अनियमितता दिसू शकते, पण हार्ट अटॅक तो ओळखत नाही. छातीत दडपण, हाताला किंवा जबड्यात कळ, थंड घाम असं काही झालं तर आकडा नॉर्मल असला तरी गॅस झालाय म्हणून सोडा पीत बसू नका, सरळ १०८ लावा.

समुद्रात डुंबून आलात की घड्याळ गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगला लावायच्या आधी मागच्या पिना कोरड्या पुसा, खाऱ्या हवेत त्या हिरव्या पडतात आणि तसला पीस कंपनी वॉरंटीत घेईलच असं नाही. पट्टा नीट बसत नसेल तर दुकानात या, बसवून देऊ, त्याचे पैसे नाहीत.