ट्रॅक्टर-ट्रॉली : ओढकामाची रीत आणि नियम (विदर्भ)

शेतमाल, खत, कुटार (भुसा), विटा किंवा रेती भरलेली बिनइंजिनाची ट्रॉली ट्रॅक्टरमागे जोडून रस्त्याने नेण्याचे काम. विदर्भाच्या खेड्यांत बंडीकडचे (बैलगाडीकडचे) बरेचसे ओझे आता या जोडीकडे आले आहे. आधी सोयाबीन, दिवाळीच्या आगेमागे कापूस, पुढे तूर आणि हरभरा असा हंगाम चालतो. यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावती भागांत बाजार समित्या आणि जिनिंगकडे (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यांकडे) जाणारे रस्ते या दिवसांत ट्रॉल्यांनी भरलेले असतात. ट्रॅक्टर किती ओढतो याची चर्चा पारावर रोज होते. रस्त्यावरची मर्यादा मात्र ब्रेक ठरवतात, आणि ही मर्यादा अश्वशक्तीच्या बरीच आधी येते.

ट्रॉली दोन प्रकारची. दोनचाकी ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर टेकते, त्यामुळे मालाचा काही भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढते. चारचाकीचा पुढचा आस फिरत्या चकतीवर बसवलेला असतो. तिचा भार तिच्याच चाकांवर राहतो, ट्रॅक्टरला फक्त ओढायचे असते. दोनचाकीत निम्म्याहून थोडा जास्त माल आसाच्या पुढे ठेवावा. मागच्या फाळक्याकडे (फळीकडे) माल जास्त झाला की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागीच फिरतात. सगळा माल पुढे लोटला तर उलटे होते : ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात, स्टिअरिंग फिरवले तरी तोंड वळत नाही.

जोडणी ट्रॅक्टरच्या नेमलेल्या हुकालाच करावी, टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी कधीही नाही. ओढ मागच्या आसाच्या उंचीच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उठून मागे उलटतो. हे इतक्या झटक्यात होते की क्लच दाबायलाही उसंत मिळत नाही. पिन पूर्ण खाली उतरलेली आणि तिच्या टोकाला लिंच पिन (मुख्य पिन निसटू न देणारी छोटी खीळ) लावलेली असावी. हरवलेल्या पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट घालणे सर्रास चालते. खड्ड्यागणिक बसणाऱ्या झटक्यांनी तो झिजतो, वाकतो आणि एखाद्या चढावर तुटतो. दांडीपासून ट्रॅक्टरच्या सांगाड्यापर्यंत वेगळी साखळी टाकलेली असेल तर ट्रॉली सुटली तरी मोकाट पळत नाही.

थांबणे : बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. 2 टनांच्या ट्रॅक्टरमागे माल धरून 6 टनांची ट्रॉली असेल, तर ही 8 टनांची गाडी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनीच थांबवायची असते. त्या चाकांवर जेमतेम 2 टन भार येतो असे धरले, तर कोरड्या डांबरावर ताशी 30 किमी वेगात ब्रेक लागल्यापासून सुमारे 25 मीटर लागतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे आणखी 8 मीटर वेगळेच. वेग 15 वर आणला तर ब्रेकचे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते. मुरूम, सांडलेले सोयाबीन किंवा चिखल असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांची ब्रेक पेडले वेगळी असतात, कारण शेतात धुऱ्यावर (बांधाशी) वळताना एकच चाक रोखावे लागते. रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही पेडले पट्टीने जोडलीच पाहिजेत. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागून येणारी ट्रॉली त्याला ढकलत नेते. उतारावरही धोका याच धक्क्याचा. बुलढाण्याजवळच्या राजूर घाटासारख्या उतारावर, जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला टाकावा, तोही माथ्यावरच. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे इंजिनाची रोख सोडून देणे. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड जाते. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी कळ) रस्त्यावर बंद असावा, नाहीतर वळणावर ट्रॅक्टर सरळच जातो.

किती भरावे : 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच डाल्यात (ट्रॉलीच्या माल भरायच्या खोक्यात) 120 घनफूट, म्हणजे सुमारे 3.4 घनमीटर माल मावतो. काठोकाठ सोयाबीन भरले तर अंदाजे 25 क्विंटल होतात. तेवढीच कोरडी रेती साडेपाच टनांच्या घरात जाते, ओली त्याहून जड. म्हणून रेती आणि गिट्टी डाल्याच्या काठावरून मोजू नये. स्प्रिंगच्या पाट्यांची कमान सपाट झालेली दिसली किंवा टायर डाल्याला घासू लागले तर ओझे आधीच जास्त झालेले असते. हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) बेअरिंग ग्रीसअभावी तापते आणि पुढे चाकच निघून येते. थोडे अंतर गेल्यावर थांबून हबला हात लावून पाहावा : हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये.

कापसाची अडचण वेगळी. तो वजनाने हलका, पण आकाराने मोठा. फाळक्यांवर बल्ल्या आणि जाळी बांधून गंजी उंच नेली जाते. त्यामुळे ट्रॉलीचा तोल वर सरकतो आणि खाली लोंबलेल्या विजेच्या तारेला माल लागण्याची भीती राहते. सायलेन्सरच्या ठिणगीनेही कापूस पेट घेतो, म्हणून पुढची बाजू ताडपत्रीने झाकावी. तेवढ्या भागात जाळी पुरत नाही. दोर आडवे-उभे दोन्ही टाकावेत आणि गावाबाहेर पडल्यावर एकदा ताणून घ्यावेत, कारण धक्क्यांनी कापूस दबतो आणि दोर सैल पडतात.

काळ्या मातीचा रस्ता : पावसात फुगणारी ही माती डांबराच्या कडेची साइडपट्टी खचवते. समोरून येणाऱ्या बसला वाट देताना डावे चाक खाली गेले की उंच भरलेली ट्रॉली तिकडेच कलते. अशा वेळी स्टिअरिंग झटक्याने मारून चाक वर घेऊ नये. वेग पार कमी करून सरळ चालावे आणि कडा जिथे बसकी आहे तिथून वर यावे. पांधणीत (कच्च्या शेतरस्त्यात) ट्रॅक्टर रुतला तर मागच्या चाकाला ओंडका बांधून पुढे काढण्याची जुनी युक्ती जीवघेणी आहे. ओंडका अडकून चाक फिरेनासे झाले की ट्रॅक्टर स्वतःच त्या आसाभोवती मागे उलटतो. आधी ट्रॉली सोडावी, ट्रॅक्टर रिकामा काढून पक्क्या जागी न्यावा, मग लांब साखळीने ट्रॉली ओढावी. ताणलेल्या साखळीजवळ कोणी उभे राहू नये.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार ट्रॉली हे वेगळे वाहन आहे, तिची वेगळी नोंदणी लागते. तिचा स्वतःचा क्रमांक बाजूला आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे. दोन ट्रॉल्या असतील तर तो शेवटच्या ट्रॉलीवर. ट्रॅक्टरचा वैध परवाना असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून तो परवाना निकामी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले. विमा मात्र तपासावा : पॉलिसीत फक्त ट्रॅक्टर असेल आणि ट्रॉली नसेल तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने रेती-विटा वाहताना सापडला, तरीही तोच वाद. वेचणीच्या बाया किंवा लग्नाचे वऱ्हाडी ट्रॉलीत बसवण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण मालासाठीच्या वाहनात फुकट बसलेल्यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळत नाही. जादा वजनासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती स्टिअरिंग देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही.

रात्र आणि थांबा : अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावावी आणि त्यांवरची धूळ रोज पुसावी. लोंबणारी ताडपत्री नेमकी मागची पट्टी झाकते. दिव्यांची वायर ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून दांडीवरून सैल न्यावी, नाहीतर पहिल्याच वळणावर ती ताणून तुटते. जिनिंगपुढची रांग रस्त्यावर आली असेल तर शेवटच्या ट्रॉलीने मागे काही अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. दगड मांडले तर निघताना ते उचलून घ्यावेत. ते तसेच राहिल्याने झालेले अपघातही कमी नाहीत.

दोनचाकी ट्रॉली सोडताना आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके लावावेत, मग दांडीखालचा स्टँड पक्क्या जमिनीवर टेकवावा आणि शेवटी पिन काढावी. माल उतरवायचा असेल तर ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी. पुढचा माल आधी काढला की मागचा भार दांडीला झटक्याने वर फेकतो.