चासी, पत्रा आणि कागद: बसचे घर होण्यामागची गोष्ट

लिलावात निघालेली जुनी एसटी घ्यायची, आतली बाकडी उपटून पलंग आणि ओटा बसवायचा आणि पेंच, ताडोबा करत पुढे आदिलाबादमार्गे दक्षिणेत उतरायचे, हे स्वप्न नागपुरात पुष्कळांना पडते. बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीशी बोलायला गेलात तर तो अँगल, पत्रा, प्लाय यांचा हिशेब लगेच मांडतो. मग थांबून विचारतो, "भाऊ, बनवून तं देऊ, पण पासिंगचं काय?"

या एका प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. आपल्याकडे बसची मोटारहोम, म्हणजे चाकांवरची घरे, रुजली नाहीत, त्याचा दोष कारागिरीला देता येत नाही. कारागिरी पहिल्यापासून होती. ती कोणत्या कागदावर उतरवायची हे ठरायला फार वर्षे गेली, आणि ते ठरेपर्यंत जुनी सरकारी बसच हातातून निसटली.

चाकांवरचे घर आपल्याला नवे नाही. राजस्थानातल्या भटक्या गाडीलोहारांची कोरीव लाकडी बैलगाडी हे त्यांचे घर, कोठार आणि कारखाना. १५६८ मध्ये चित्तोड पडल्यावर पक्क्या घरात न राहण्याची शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू त्यांना समारंभाने चित्तोडच्या किल्ल्यात घेऊन गेले. त्यानंतरही अनेक कुटुंबे फिरतीवरच राहिली. पण ही वस्ती गरजेतून आणि इतिहासाच्या घावातून आलेली होती. आवडीखातर फिरते घर बांधण्याची कल्पना युरोप-अमेरिकेत वाढली. १८८५ मध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरांनी ब्रिस्टलमध्ये घोड्यांनी ओढायची राहती गाडी बांधून घेतली. १९१५ मध्ये रोलंड कॉंकलिन यांचे कुटुंब खास बांधलेल्या दुमजली मोटारीतून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडहून निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. कॉंकलिन यांची स्वतःची बस बनवणारी कंपनी होती, हे इथे महत्त्वाचे. घरबांधणीची हौस आणि बसबांधणीची हातोटी एकाच घरात होती.

आज अमेरिकेत हजारो लोक शाळेच्या जुन्या पिवळ्या बसचे घर करतात. त्याची मुळे १९३९ मध्ये सापडतात. त्या वर्षी फ्रँक सायर यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये परिषद भरवली आणि शाळेच्या बससाठी ४४ मानके ठरवली. पिवळा रंग त्यातलाच. सांगाडा आणि मापे देशभर बरीचशी सारखी झाली, तेव्हा एकाने केलेले काम दुसऱ्याला उपयोगी पडू लागले. कादंबरीकार केन केसी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी १९६४ मध्ये रंगवून देशभर फिरवलेली बसही १९३९ च्याच बनावटीची होती. पुढे हिप्पींचे गुरू स्टीफन गॅस्किन यांच्यामागे सॅन फ्रान्सिस्कोहून बसचा तांडाच निघाला आणि १९७१ मध्ये टेनेसीत स्थिरावला. त्या वसाहतीची पहिली घरे म्हणजे त्याच बस. पण माझ्या मते खरा फरक कागदाने केला. शाळेने विकलेली बस कुणीही घेऊ शके आणि आत ठरलेल्या सोयी केल्या की नोंदणी मोटारहोम म्हणून बदलून मिळे. ब्रिटनमध्येही बदललेल्या गाडीची नोंद राहत्या गाडीच्या वर्गात करून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

आपल्याकडे गाडी वेगळ्याच वाटेने गेली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. विदर्भात तेव्हा सीपी अँड बेरारची स्वतंत्र वाहतूक सेवा होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ती एसटीत मिसळली. महामंडळाने बस बांधायला स्वतःच्या तीन कार्यशाळा चालवल्या: पुण्याची दापोडी, औरंगाबादची चिकलठाणा आणि आपली नागपूरची हिंगणा. कंपनीकडून फक्त चासी यायची, म्हणजे इंजिन, चाके, लांबलचक लोखंडी पट्ट्या आणि स्टिअरिंग. वर छप्पर नाही, बाजूला काच नाही. वर्धा रोडवर अशा नागड्या चासींची रांग गमछा गुंडाळलेल्या चालकांनी हाकत नेताना नागपूरकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. त्यावर सांगाडा उभा करणे, ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकणे, खिडक्या, बाकडी, वायरिंग हे सगळे हाताने व्हायचे. लाल परी म्हणून आपण जिच्यावर जीव लावतो, तिचे अंग कामगारांनी पत्रा-पत्रा जोडून घडवलेले आहे. खासगी ट्रॅव्हल्सच्या बसही अशाच बॉडी बिल्डरांकडे तयार होत. म्हणून मी म्हणतो, मोटारहोमला लागणारा हात आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जास्त होता. तिथे बस कारखान्यातून पूर्ण होऊन येते. इथे प्रत्येक बस कुणीतरी शून्यातून बांधत होते.

या हाताने कमी करामती केल्या नाहीत. फिरते दवाखाने, फिरती ग्रंथालये, रक्तदानाच्या गाड्या, चित्रीकरणाच्या जागी उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन हे सगळे त्याच कामाचे नमुने. शेजारच्या आंध्रात १९८२ मध्ये एन. टी. रामाराव जुनी शेवरोले व्हॅन 'चैतन्य रथम' करून प्रचाराला निघाले, तिच्यावरून भाषणे दिली आणि मुक्कामही तिच्यातच केले. निवडणुकीसाठी राहती गाडी चालते, मग एखाद्या निवृत्त शिक्षकाला भारत पाहायला ती का मिळू नये, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

रस्त्यांच्या बाबतीत तर नागपूरला बोलायचा हक्कच आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते इथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा केला. तो 'नागपूर प्लॅन' म्हणूनच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही उतरंड त्यातून रूढ झाली. आज राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथे एकमेकांना छेदतात आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथून सुरू होतो.

आता कागदाकडे वळू. ५ नोव्हेंबर २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेत 'कॅम्पर व्हॅन'ला नाव मिळाले. भाड्याची असेल तर परिवहन वाहन आणि खासगी वापराची असेल तर बिगर-परिवहन. वर्ग तयार झाला, पण जुनी बस त्या वर्गात आणायची सोपी वाट काही तयार झाली नाही. नंतर एआयएस-१२४ हे राहत्या गाड्यांसाठीचे मानक आले. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटे गाडीत पक्की बसवलेली हवीत, अशी त्याची अपेक्षा आहे. मात्र त्याखालची मंजुरी चाचणी संस्थेकडून घ्यावी लागते, जशी पुण्याची एआरएआय. कंपनीला हे परवडते. एकच गाडी बांधणाऱ्या माणसाचे त्यात कंबरडे मोडते.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ कडक लावला: उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांना बाधा आणणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याचा भर पर्यटन व्यवसायावर आणि गाड्या उभ्या करायच्या जागांवर राहिला. आणि १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. यात परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच जायच्या. जुनी लाल परी घेऊन घर करण्याचे दार त्या दिवशी बंद झाले.

हा कडकपणा अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्या घटनेनंतर बसमध्ये प्लाय, फोम आणि गॅसची शेगडी बसवणाऱ्या कुणीही आधी बाहेर पडायच्या वाटेचा विचार करायला हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो; म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालून भोक लागते. आपत्कालीन खिडकीला कपाट टेकवून चालत नाही. चांगल्या मानकात हे सगळे येते, आणि ते यायलाच हवे.

राहिला नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा उघड्या पत्र्याखाली कुणी झोपू शकत नाही. बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी शिंपडायची जुनी रीत इथे होती. तिचीच पुढची पिढी म्हणजे खस लावलेला कूलर. कोरड्या हवेत बसमध्ये कूलर छान चालतो, पण पलीकडची खिडकी उघडी ठेवावी लागते आणि पावसाळा लागला की तो निरुपयोगी ठरतो. दीड टनी एसी रात्रभर चालवायचा तर दहा-बारा युनिट लागतात. १२ मीटर लांबीच्या छपरावर ५४० वॅटची सात-आठ पॅनेल मावतात आणि स्वच्छ दिवसाला साधारण १५ युनिट देतात. म्हणजे हिशेब जमतो, मात्र छपराखाली उष्णता अडवणाऱ्या फोमचा, म्हणजे पफचा, जाड थर भरला असेल आणि वीज साठवायला पुरेशी लिथियम बॅटरी असेल तरच.

आज ज्याला कायद्यात राहून हे करायचे आहे, त्याच्यापुढची स्वच्छ वाट एकच आहे: नवी चासी, मान्यताप्राप्त बॉडी बिल्डर आणि एआयएस-१२४ ची मंजुरी. जुन्या खासगी बसवर डोळा असेल तर पहिला पैसा मोजण्याआधी आरटीओकडून लेखी उत्तर घ्यावे. आणि सरकारकडे मागायचे असेल तर एकेका गाडीची तपासणी करून तिला राहत्या गाडीच्या वर्गात घेण्याची सोय मागावी. शुल्क घ्या, ब्रेक तपासा, वजन करा, आग लागली तर बाहेर पडायची वाट तपासा. हिंगण्यात बस घडवलेले हात अजून नागपुरात आहेत, तोवर ही सोय झाली पाहिजे.