झिजलेल्या भागांची पारख (ट्रक इंजिन)

ट्रकचे डिझेल इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडताना कोणता जुना भाग तसाच बसवायचा, कोणता ग्राइंडिंग किंवा बोअरिंग करून वापरायचा आणि कोणता भंगारात टाकायचा, हे ठरवण्याची प्रक्रिया. मुंबईच्या गॅरेजांत तिला वेगळे नाव नाही. ‘इंजिनकाम’ या शब्दातच ती येते.

महाग भाग वाचवावा आणि स्वस्त भाग बदलावा, हा रूढ ठोकताळा अपुरा आहे. भाग निकामी झाला तर तो सोबत काय काय नेतो, हा प्रश्न त्याआधी विचारावा लागतो. व्हॉल्व्हची गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी, झिजली तर इंजिन तेल खाते आणि निळसर धूर सोडते, तरी गाडी घरी पोचते. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, फोडून बाहेर येतो. किमतीत दोन्ही किरकोळ असले तरी पारखीत त्यांना एका तराजूत घालता येत नाही.

सिलिंडरची झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन वर जाऊन परत फिरतो तेथे, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांपैकी वरच्या रिंगच्या परतीच्या जागी, ती सर्वाधिक असते. तेथे रिंगचा वेग क्षणभर शून्यावर येऊन तेलाचा थर तुटतो, आणि ज्वलनाचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. त्याच्या वर रिंग पोचतच नसल्याने मूळ व्यास टिकून कंगोरा उभा राहतो. हा कंगोरा न काढता नव्या रिंगा घातल्या, तर नवी वरची रिंग त्यावर आपटून मोडू शकते.

या झिजेच्या मूळ कारणाबद्दल दोन मते आहेत. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनियर्स या संस्थेच्या १९३०च्या दशकातील संशोधनाने थंड इंजिनात भिंतीवर साकळणाऱ्या आम्लयुक्त ओलाव्याला, म्हणजे गंजण्याला, प्रमुख स्थान दिले. दुसरे मत हवेबरोबर आत येणाऱ्या धुळीच्या घासण्याला महत्त्व देते. डिझेलमधील गंधक जळून आम्ल बनत असल्यामुळे पहिले मत इंधनाशी बांधलेले आहे. भारतात एकेकाळी वजनाच्या सुमारे १ टक्क्यापर्यंत गंधक असलेले डिझेल विकले जाई. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा या प्रदूषण मानकाच्या इंधनात ही मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी आहे. त्यामुळे आज उघडल्या जाणाऱ्या इंजिनांपुरते तरी धुळीचे मत अधिक ग्राह्य वाटते. बंदराच्या रांगेत तासन्‌तास आयडलिंगवर, म्हणजे इंजिन नुसते चालू ठेवून, उभ्या राहणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत मात्र पहिले मत पूर्णपणे निकालात काढता येत नाही. ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. धूळ आत शिरली असेल तर रिंगांच्या कडा, पिस्टनचे खाचे आणि बेअरिंगचा मऊ थर यांवरही खुणा दिसतात. एअर फिल्टरपासूनचा फाटलेला होज तसाच ठेवून नवे लायनर (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) घातले, तर तेही लवकरच झिजतात.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, डायल गेजने निदान तीन खोलींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात, मोजला जातो. त्यातून निमुळतेपणा व लंबगोलपणा कळतो. पुढचा निर्णय ब्लॉकच्या घडणीवर अवलंबून असतो. लायनरच्या इंजिनात लायनर बदलता येतो. टाटा ट्रकांत आलेल्या ५.९ लिटरच्या कमिन्स बी मालिकेत वेगळे लायनर नाहीत. तेथे ब्लॉकच बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात. पाण्याला थेट लागणाऱ्या लायनरची आतली मापे बरोबर असली तरी तो बाहेरून पाहावा. कंपनामुळे पाण्यात बुडबुडे फुटून पडलेले खळगे पिस्टनच्या दाबाच्या बाजूला सापडतात. असा लायनर ९० अंश फिरवून पुन्हा बसवण्याची प्रथा आहे. उथळ खळग्यांपुरतीच ती क्षम्य म्हणावी.

क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, मायक्रोमीटरने मोजतात. लंबगोलपणा साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी.च्या पुढे गेला की ग्राइंडिंगचा विचार सुरू होतो. नेमकी मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतली धरावी. ग्राइंड करून बारीक झालेल्या जर्नलसाठीची अंडरसाइज बेअरिंगे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी. अशी मिळतात, पण तोंडी व्यवहारात त्यांना ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ म्हणतात. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे आहेत. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या डॉज व फार्गो ट्रकांच्या इंच-मापी इंजिनांपासून ही बोली रुळली असावी. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९५४ मध्ये डाइम्लर-बेन्झशी करार केल्यावर मिलिमीटर-मापी इंजिने आली, तरी बोली बदलली नाही. ०.२५ मिमी. आणि दहा हजारांश इंच यांत फरक अवघा ०.००४ मिमी.चा असल्यामुळे तिने अडचणही केली नसावी.

ग्राइंडिंगमध्ये जर्नलच्या कडेची गोलाई मूळ मापाचीच राखावी लागते. ती टोकदार झाली तर तेथूनच तडा सुरू होतो. नायट्राइड केलेल्या, म्हणजे नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण केलेल्या, क्रँकचा कठीण थर इतका पातळ असतो की ग्राइंडिंगनंतर तो पुन्हा द्यावा लागू शकतो. तडा शोधण्यासाठी चुंबकीय कणांची तपासणी विश्वसनीय आहे. क्रँक टांगून हातोडीने हलके वाजवण्याची आणि खणखणीत नादावरून निदान करण्याची जुनी पद्धतही चालते, पण तिने केवळ मोठा तडा सापडतो.

मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये आधार देणारी) व बिग-एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाची) बेअरिंगे, गॅस्केट, ऑइल सील आणि ताणून घट्ट केले जाणारे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) वापरायचे असल्यास प्रत्येक टॅपेट त्याच्या जुन्याच कॅमवर, आणि बेअरिंग कॅप तिच्याच जागी व त्याच दिशेने बसवावी. म्हणून उघडतानाच पंचाने खुणा करतात.

मुंबईत नवे सुटे भाग मुख्यतः ऑपेरा हाऊस परिसरातून आणि वापरलेले भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून येतात. वापरलेला क्रँक घेताना तो आधी किती वेळा ग्राइंड झाला आहे हे मोजूनच कळते. शेवटच्या अंडरसाइजला पोचलेला क्रँक कितीही गुळगुळीत दिसला तरी घेऊ नये. ब्लॉकच बदलल्यास त्यावरील इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नाही आणि परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते.