घरच्या छपाईसाठी स्टेन्सिल: चित्र कसं जुळवावं, शीट कशी कापावी

आमच्याकडून शीट आणि कटर नेलेले ग्राहक पुन्हा येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: माशाचा डोळा गळून पडला. माशाचं अंग कापून काढलं की डोळ्याचा गोलही त्याच तुकड्याबरोबर सुटून येतो. हात कितीही सफाईदार असला तरी हे होणारच, कारण चूक कापण्यात नसते, चित्रात असते.

स्टेन्सिलमध्ये रंग भोकातून खाली उतरतो. जिथे रंग नको तो भाग शीटवर राहायला हवा, आणि तो बाकीच्या शीटला कुठेतरी धरलेला हवा. सगळ्या बाजूंनी कापला गेलेला तुकडा म्हणजे बेट, आणि त्याला शीटशी बांधून ठेवणारी पट्टी म्हणजे पूल. पूल चित्र काढतानाच ठरवा. कापायला बसल्यावर आठवलेले पूल छापात ठिगळासारखे दिसतात.

बांगडाच घ्या. त्याच्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे काळपट पट्टे असतातच. पट्ट्यांमधली जागा न कापता ठेवली की पाठीकडचे पूल आयते मिळतात. कल्ल्याची रेघ पाठीपासून पोटापर्यंत 3 मिलिमीटर रुंद ठेवा, म्हणजे डोकं आणि धड अशी दोन वेगळी भोकं होतात. डोळा डोक्याच्या मधोमध न काढता किंचित मोठा काढून कल्ल्याच्या रेघेला टेकवा आणि मधली बाहुली टिंबाएवढी कापा. छापल्यावर ती जोडणी माशाचाच भाग वाटते.

अक्षरांचंही तेच. आंब्याच्या पेटीवरचा स्टेन्सिलने छापलेला मार्का नीट पाहिलात तर अक्षरं मध्येच तुटलेली दिसतील. व, ब, क यांची पोटं बेटं होतात. पोटाला एकच पूल ठेवला तर ते ब्रशखाली फडफडतं आणि कड पुसट येते. समोरासमोर दोन ठेवा. शिरोरेषाही सलग न कापता प्रत्येक अक्षरापाशी तोडा, नाहीतर लांब भोकामुळे शीट लवलवते.

सावंतवाडीच्या गंजिफ्यासारखं गोल चित्र आणि भोवती किनार, ही मागणीही बरीच असते. किनारीचं वर्तुळ सलग कापलं तर आतलं अख्खं चित्रच निखळून हातात येतं. किनार चार तुकड्यांत कापा, नाहीतर तिच्यासाठी दुसरी शीट करा. दुसरी शीट पुष्कळ अडचणी सोडवते. काजूचं बोंड आणि खालची बी एकाच शीटवर असतील तर मध्ये पांढरी फट राहते. दोन शीट केल्यात तर आधी पिवळं बोंड, ते वाळल्यावर करडी बी, दोन्ही अगदी चिकटून छापता येतात. दोन्ही शीट एकाच मापाच्या कापा, टेबलावर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा आणि कागद व शीट दरवेळी त्याच कोपऱ्यात सरकवा. रंग सरकणार नाहीत.

पुलाशिवाय बेट टिकवायची युक्ती जपानी कारागिरांनी काढली होती. कापडछपाईसाठी तुतीच्या सालीचा कागद पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवून टणक करायचे आणि सारख्याच कापलेल्या दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे ताणून बसवायचे. रंग धाग्याच्या कडेने वाहत जायचा, त्यामुळे धागा छापात उमटत नसे. स्क्रीन प्रिंटिंगची जाळी हाताशी असेल तर कागदी स्टेन्सिल तिच्या खाली लावून तुम्हीही हे करू शकता. पहिल्या ओढीलाच शाई कागदाला जाळीशी धरून ठेवते.

शीट कोणती घ्यावी

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न हवेचा आहे. जून ते सप्टेंबर कार्डशीट हवेतली ओल पिते, कडा फुगतात आणि रंग खाली झिरपतो. एकदोन छापांपुरती कार्डशीट चालेल. तिला दोन्ही बाजूंनी जवसाचं तेल चोळून वाळवली तर जास्त टिकते, पण पावसात तेल वाळायला फार दिवस लागतात. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते, म्हणून पसरून वाळवा.

आमची शिफारस 125 ते 175 मायक्रॉनच्या पॉलिएस्टर शीटची. ती ओल धरत नाही आणि शेकडो वेळा धुता येते. घरात जुना एक्स-रे असेल तर नवीन शीट विकत घेऊ नका, तोही पॉलिएस्टरच असतो. काळ्या फिल्ममधून खालचं चित्र दिसत नाही, म्हणून चित्राचा कागद वरून चिकटवून कागदासकट कापा. रुग्णाचं नाव छापलेला कोपरा आधी काढून टाका.

कापताना

पातं नवीन हवं. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरतं, म्हणून पाती वेळेवर बदला. आधी बारीक भोकं, मग मोठी. मोठी आधी कापली तर शीट ढिली पडते. वळणावर हात न वळवता शीट फिरवा. कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी कोपऱ्यापर्यंतच या, पुढे गेलेला काप हळूहळू फाटत जातो. टिंबांना पातं लावूच नका, चामड्याला भोकं पाडायचा पंच वापरा. पूल तुटलाच तर दोन्ही बाजूंनी टेप लावून त्यावरून पुन्हा कापा.

छापताना

रंग कमी घ्या. ब्रश रंगात टेकवून जुन्या कापडावर इतका पुसा की कोरडाच वाटावा, मग उभा धरून टिपत जा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा स्वच्छ येतात. नवीन सुती कापडाची खळ धुऊन काढल्याशिवाय छापू नका, आणि उशीच्या अभ्र्यात आधी पुठ्ठा घाला. फॅब्रिक कलर पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने वाफ न देता इस्त्री करा. पावसाळ्यात एक दिवसाऐवजी दोन दिवस थांबलेलं बरं.

चतुर्थीला गणपतीच्या खोलीतली भिंत रंगवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. चुन्याची भुकटी सुटते, त्यामुळे मास्किंग टेप धरत नाही; भिंत कोरड्या कापडाने पुसून शीट दुसऱ्याला हाताने धरायला सांगा. ओल आलेल्या भागावर छापू नका, पापुद्रा रंगासकट निघेल. भिंतीचे पूल 5 मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका.

काम झालं की शीट लगेच धुवा आणि वर्तमानपत्रात सपाट ठेवा. कटिंग मॅट उन्हात ठेवली की वाकते. वापरलेली पाती कचऱ्यात मोकळी टाकू नका, झाकणाच्या डब्यात साठवून आमच्याकडे आणून द्या. एखाद्या चित्रात पूल कुठे घ्यायचे ते सुचत नसेल तर चित्र घेऊन दुकानात या, पेन्सिलीने खुणा करून देऊ. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.