अंडं बाहेर येतं कुठून?

चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल १ ऑक्टोबर २०२५ला वारल्या, तेव्हा चिंपांझींबरोबरचे त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. मला आठवली ती त्यांची कोंबडी.

जेन तेव्हा साडेचार वर्षांची. जन्म लंडनचा, १९३४चा. शेतावर मुक्कामाला आलेली. एवढं मोठं अंडं बाहेर पडायला कोंबडीला भोक आहे कुठे, हे ती ज्याला त्याला विचारायची. कुणी धड सांगेना. मग एका कोंबडीमागून ती खुराड्यात शिरली. कोंबडी कलकलाट करत पळाली. तेव्हा पोरगी दुसऱ्या रिकाम्या खुराड्यात आधीच जाऊन बसली. जवळजवळ चार तास! घरचे शोधून हैराण. पण अंडं पडलेलं पाहूनच ती बाहेर आली, आणि आईनं न रागावता सगळी हकिगत ऐकून घेतली.

तिला दिसला तो फक्त शेवटचा क्षण. आत पंचवीसेक तास काम चाललेलं असतं. बलक अंडनलिकेत उतरतो, तीनेक तासांत त्याभोवती पांढरं चढतं, मग तासाभरात दोन पातळ पापुद्रे. उरलेले वीसेक तास कवचाचे. त्यासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. कोंबडीच्या रक्तात एका वेळी त्याचा अगदी थोडा अंश असतो, म्हणून ते खाद्यातून आणि हाडांतून सतत येत राहतं. अंडं मऊ पडतं आणि हवेनं कडक होतं, असं आपल्याकडे छातीठोक सांगतात, तसं नाही. ओलं दिसतं ते वरचं पातळ आवरण, कवच आतच कडक झालेलं असतं. (तपकिरी रंगही आतच चढतो. तो जातीनुसार, पौष्टिकतेनुसार नव्हे. जास्तीचे पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात असू द्या.)

आणि ते भोक? विष्ठेची वाटही तीच. पण अंडं येताना नलिकेचं टोक सदऱ्याच्या बाहीसारखं उलटून बाहेर येतं, त्यामुळे अंड्याला घाण लागत नाही.

पुढे जेनकडे कॉलेजला पैसे नव्हते. सेक्रेटरीचं काम, मग हॉटेलात वाढपीण होऊन जमवलेलं बोटीचं भाडं, १९५७मध्ये केनिया, तिथे आदिमानवाच्या अवशेषांचे अभ्यासक लुई लीकी भेटले. जुलै १९६०मध्ये, पदवी नसताना, ती आजच्या टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझी पाहायला पोचली. चिंपांझी तिला पाहताच पळत. मग ती रोज एका टेकडीवर, सगळ्यांना दिसेल अशी, दुर्बीण घेऊन बसू लागली. नोव्हेंबरात पांढऱ्या दाढीचा एक नर वारुळात गवताची काडी घालून वाळव्या ओढून खाताना तिला दिसला.